निर्वानाचा ‘इन्सेस्टिसाइड’ कसा ऐकावा: उलगडून, तारखेच्या क्रमाने

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचा गाजलेला अल्बम ‘नेव्हरमाइंड’ ऐकून जो ‘इन्सेस्टिसाइड’कडे वळतो, तो बहुधा चौथ्या-पाचव्या गाण्याला बंद करतो. मीही केला होता. डिसेंबर 1992 मध्ये आलेला हा संग्रह म्हणजे माळ्यावरची ट्रंक आहे: डेमो (कच्ची ध्वनिमुद्रणं), मागे राहिलेली गाणी, रेडिओसाठी वाजवलेली गाणी, दुसऱ्यांची गाणी, सगळं एकत्र कोंबलेलं. पंधरा गाणी, ड्रमवर चार वेगळी माणसं. दिलेल्या क्रमाने ऐकलं तर गोंधळ होणारच. म्हणून फोनवर स्वतःची प्लेलिस्ट करा आणि गाणी ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावा.

सुरुवात 9 ते 13 क्रमांकांच्या गाण्यांनी करा, ‘बीझवॅक्स’पासून ‘एरो झेपेलिन’पर्यंत. ही पाचही 23 जानेवारी 1988 ची, सिअ‍ॅटलमध्ये ध्वनिमुद्रक जॅक एंडिनोने एका दिवसात मुद्रित केलेली. त्या दिवशी दहावं गाणं चालू असतानाच टेप संपली होती! ड्रमवर मेल्विन्स बँडचा डेल क्रोव्हर, मदतीला आलेला. इथे चाली शोधू नका, सापडणार नाहीत. ‘हेअरस्प्रे क्वीन’मध्ये क्रिस्ट नोव्होसेलिचचं बास पकडा, गाणं तेच ओढून नेतं, गायक कर्ट कोबेन नुसता किंचाळतो.

मग ‘बिग लाँग नाउ’, ‘स्टेन’ आणि ‘डाइव्ह’. तिन्हींत बँडचा तेव्हाचा ड्रमर चॅड चॅनिंग. ‘बिग लाँग नाउ’ हे ‘ब्लीच’ या पहिल्या अल्बमच्या वेळी मागे राहिलेलं, संथ आणि जड, पहिल्या फेरीत वगळलंत तरी चालेल.

‘स्लिव्हर’ मात्र दोनदा ऐका. 1990 च्या उन्हाळ्यातलं हे गाणं, ड्रमवर मडहनी बँडचा डॅन पीटर्स. आईवडील आजी-आजोबांकडे सोडून गेलेत आणि पोरगं घरी न्या म्हणून हट्ट करतंय, एवढीच गोष्ट. पण कोबेनला गुणगुणता येणारी चाल जमते आहे, हे इथे स्वच्छ कळतं.

आता 5, 6 आणि 7. ऑक्टोबर 1990, बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी वाजवलेली दुसऱ्यांची तीन गाणी; नवा ड्रमर डेव्ह ग्रोलला बँडमध्ये येऊन जेमतेम महिना झालेला. इथे थांबा आणि मूळ गाणी शोधून काढा. ‘टर्नअराउंड’ डीव्हो या अमेरिकन बँडचं, ‘मॉलीज लिप्स’ आणि ‘सन ऑफ अ गन’ स्कॉटलंडच्या व्हॅसलिन्स बँडची. व्हॅसलिन्सचं मूळ गाणं बालगीतासारखं भोळं वाटतं. निर्वानाने त्याची चाल मोडली नाही, फक्त गती आणि आवाज वाढवला. गोड चालीवर गोंगाट चढवण्याची जी रीत पुढे जगभर गाजली, ती मला या जोड्या ऐकताना उमगली. कोबेनच्या मुलाखतींपेक्षा या दहा मिनिटांनी जास्त समजावलं.

शेवटी नोव्हेंबर 1991 ची, तीही बीबीसीचीच: ‘बीन अ सन’, ‘न्यू वेव्ह पॉली’, ‘ॲन्युरिझम’. ‘नेव्हरमाइंड’ येऊन दीडएक महिना झालेला. त्या अल्बममधली अकूस्टिक (साध्या गिटारवरची) ‘पॉली’ आधी लावा, लगेच ही धावती. मला जुनीच आवडते. तिच्या शांतपणातच भीती आहे.

‘ॲन्युरिझम’ हेडफोनवर, आवाज वाढवून. मूळ क्रमातही ते शेवटीच आहे, तेवढं एक हलवावं लागत नाही.