प्रतिकारशक्ती कमी असताना डोळ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

डोळा लाल नाही, दुखत नाही, मग काळजी कशाला? धडधाकट माणसाचा हा हिशोब बऱ्याचदा चालून जातो. एचआयव्हीसह जगणारे, किडनी बदललेले, रक्ताच्या कॅन्सरसाठी केमो चालू असलेले किंवा महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे यांच्या बाबतीत मात्र तो उलटा पडू शकतो. लाली, सूज, ठणका ही बहुतेक वेळा शरीराच्या प्रतिकाराचीच खूण असते. लढणाऱ्या पेशीच कमी असतील तर आत विषाणू डोळ्यामागचा पडदा (दृष्टिपटल) पोखरत राहतो आणि आरशात डोळा मात्र स्वच्छ दिसतो.

‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा विषाणू नागिणीच्या विषाणूच्याच कुळातला. आपल्याकडे बहुतेकांच्या शरीरात तो लहानपणापासून गपगार पडून असतो. एचआयव्हीमध्ये सीडी४ पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे ५० च्या खाली गेल्या की तो डोकं वर काढतो आणि दृष्टिपटलावर हल्ला करतो. डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा जाळी तरंगणं, वीज चमकल्यासारखं होणं, नजरेतला एखादा तुकडाच गायब होणं ही त्याची लक्षणं. लागण पडद्याच्या कडेला असेल तर काहीच जाणवत नाही. शिवाय एका डोळ्याची कसर दुसरा भरून काढतो, त्यामुळे पत्ताच लागत नाही. म्हणून रोज एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा. आकडे पुसट, वाकडे किंवा अर्धवट दिसले तर त्याच दिवशी निघा.

निघायचं ते चष्म्याच्या दुकानात नव्हे. तिथे नंबर निघतो, पडदा दिसत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. नंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा गाडी चालवत जाऊ नका. सीडी४ फारच कमी असेल तर तक्रार नसतानाही ही तपासणी करून घ्यावी. कारण पडद्याचा जो भाग गेला तो परत येत नाही, औषधाने फक्त पुढची पडझड थांबते. नजरेसमोर काळा पडदा सरकत आल्यासारखा वाटला तर दृष्टिपटल सुटलेलं असू शकतं. तेव्हा सकाळची वाट पाहू नका.

डोळ्याच्या डॉक्टरांपासून मूळ आजार लपवणं

लोक का लपवतात ते समजण्यासारखं आहे. पण एचआयव्ही आहे किंवा टॅक्रोलिमस (अवयव बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध) चालू आहे हे ठाऊक नसेल तर समोरचा डॉक्टर साध्या धूसरपणाच्या वाटेने विचार करत बसतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा उपचारात भेदभाव करायला आणि रुग्णाच्या संमतीशिवाय एचआयव्हीची माहिती उघड करायला मनाई करतो. त्याचा आधार घ्या.

घरात उरलेले थेंब

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा एकच बाटली घरभर फिरल्याचं अनेकांनी पाहिलं असेल. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याच्या डोळ्यात अशी बाटली घालू नका. मेडिकलमधून मिळणाऱ्या अनेक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइडही असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावं शोधा. बुबुळावर हर्पीसची फांदीसारखी जखम असेल तर या थेंबांनी लाली ओसरते आणि जखम पसरते. रुग्ण म्हणतो बरं वाटतंय, ही खरी पंचाईत. (डॉक्टरांनीच तपासून स्टिरॉइड दिलं असेल तर ते मनाने एकदम बंदही करू नका.) गुलाबपाणी, मध, दूध यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

कपाळावरच्या नागिणीला गेरू

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती अजून गावागावांत आहे. तोंड-शेपटाचं सोडा. कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळा धोक्यात आहे असं समजा. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या उत्तम. गेरू लावण्यात आणि उतारा काढण्यात नेमके तेच तास जातात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर ७२ तास उलटून गेल्यावरही औषध द्यावंच लागतं, कधी शिरेतूनही. आणि त्यातल्या असायक्लोविरच्या गोळ्या उरल्या म्हणून सीएमव्हीला चालतील असं नाही. त्यासाठी गॅन्सिक्लोविर किंवा व्हॅलगॅन्सिक्लोविर लागतं.

थोडं बरं वाटलं की औषध बंद

मोठ्या माणसाला व्हॅलगॅन्सिक्लोविर साधारणपणे ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवडे देतात, मग रोज एकदा. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करतात. गोळी जेवणासोबत, न तोडता घ्यायची. तिने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) चुकवू नका. लागण पडद्याच्या मध्यभागाजवळ असेल तर डोळ्यातच इंजेक्शन देतात. ऐकायला भयंकर, पण भूल देऊन काही मिनिटांत होतं. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेऊन सीडी४ १०० च्या वर गेल्या आणि काही महिने तिथेच टिकल्या, की मगच व्हॅलगॅन्सिक्लोविर थांबवायचा विचार होतो, तोही पडदा पाहून.

इथे एक चकवा आहे. एआरटीने पेशी वाढू लागल्या की तोच डोळा कधी कधी सुजतो, पुन्हा धूसर होतो. परतलेली प्रतिकारशक्ती जुन्या जखमेवर तुटून पडलेली असते. ‘औषधानेच डोळा बिघडवला’ म्हणून एआरटी सोडणारे इथेच फसतात. एआरटी चालू ठेवायची आणि डोळा दाखवायचा. अवयव बदललेल्यांनीही घाबरून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या आपल्या गोळ्या स्वतःहून कमी करू नयेत, नाहीतर बसवलेला अवयवच शरीर नाकारतं. डोस बदलायचा तर दोन्ही डॉक्टरांनी बोलून ठरवायचा.

तपासणीला जाताना शेवटचा सीडी४ किंवा सीबीसीचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. एआरटीबद्दल कुणाला विचारावं कळत नसेल तर १०९७ ही नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) मोफत हेल्पलाइन आहे.