जुनी जर्मन वाचताना नकारापाशी होणाऱ्या या चुका टाळा

आजचं जर्मन पक्कं असलेली मंडळीसुद्धा बाराव्या-तेराव्या शतकातला मजकूर हातात घेतला की नकारापाशी हमखास अडखळतात. शब्द ओळखीचे वाटतात, घात तिथेच होतो.

पहिली चूक दोन नकारांचा होकार करण्याची. ‘इख एनवैस निख्त’ म्हणजे ‘मला माहीत नाही’, एवढंच. क्रियापदाला चिकटलेलं ‘एन’ आणि मागचं ‘निख्त’ मिळून नकार एकच. इ.स. 800 च्या सुमारास क्रियापदाआधीच्या एकट्या ‘नि’वर भागत असे; ‘वेसोब्रुनची प्रार्थना’ या जुन्या जर्मन कवितेत ‘एरो नि वास’ आहे, म्हणजे पृथ्वी नव्हती. हा ‘नि’ झिजत ‘ने’, ‘एन’ झाला आणि जोर देण्यापुरतं आलेलं ‘निख्त’ भाडेकरूसारखं शिरून घरमालक झालं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये अनेक भाषांमधली ही चाल नीट मांडली, म्हणून तिला येस्पर्सनचं चक्र म्हणतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते: एकटं ‘एन’ दिसलं की डोळे मिटून ‘नाही’ लिहिणं. ‘इख एनवैस’ इथे ते चालतं, कारण ‘माहीत असणे’सारख्या काही क्रियापदांना ‘निख्त’ची गरज भासत नसे. पण ‘एस एनसी देने’ म्हणजे ‘तसं असल्याखेरीज’. इथे ‘एन’ अपवाद दाखवतं. पुढे ते गळून पडलं आणि उरलं आजचं ‘एस झाय डेन’. त्यात नकाराचा मागमूस नाही, अर्थ मात्र ‘खेरीज’च. म्हणून एकटं ‘एन’ दिसलं की आधी क्रियापदाचं रूप पाहा. ते संभावनार्थी (‘असावं’, ‘असलं तर’ अशी शक्यता सांगणारं) असेल आणि वाक्य दुसऱ्या वाक्याला जोडलेलं असेल, तर ‘खेरीज’ लावून बघा. बहुतेकदा अर्थ लागतो.

‘देहेइन’ला सरसकट आजचं ‘काइन’ (‘एकही नाही’) समजू नका. ‘जर’च्या वाक्यात किंवा तुलनेत त्याचा अर्थ ‘कोणताही’ असा निघतो. नकार आहे की नाही, हे आजूबाजूच्या ‘एन’, ‘निख्त’वरून ठरवावं.

आणि दुहेरी नकार म्हणजे अडाण्यांची भाषा, हा व्याकरणाच्या वर्गातला शेरा तर विसराच. गोएथेच्या 1808 च्या ‘फाउस्ट’ नाटकात ग्रेटशेन सैतान मेफिस्टोबद्दल म्हणते, ‘आन निख्त्स काइनेन आनटाइल निम्ट’: याला कशातच रस नाही. नकार दोन, अर्थ एकच. बव्हेरियात ‘कोआ गेल्ड नेद’, म्हणजे ‘पैसेच नाहीत’, आजही बिनदिक्कत बोललं जातं.