पहिल्यांदा दिंडीत जाताय? मग आधी पावल्या शिकून घ्या

दरवर्षी जून आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, यंदा वारीला यायचंय, बूट कुठले घेऊ? बुटांचं सांगतो, पण शेवटी. आधी त्या बुटातल्या पायांचं काय करायचं ते बघू, कारण दिंडीत पाय हा फक्त चालायचा अवयव नाहीये, तिथं सगळा व्यवहारच पायांचा असतो.

मुळात पालखीत असतं काय? पादुका. लोक म्हणतात माऊली निघाली, तुकोबा निघाले, ते त्या पादुकांनाच. 1685 साली तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज पादुका पालखीत ठेवून निघाले तिथपासून ही पद्धत सुरू झाली असं सांगतात. माऊलींच्या पादुकांना वाटेत नीरा नदीत स्नान घालतात. म्हणजे अडीचशे किलोमीटर आपण पायांच्या मागे पायी चालतो, गंमत आहे ना.

आता पावल्या, म्हणजे टाळ-पखवाजाच्या तालावर टाकायची पावलं. टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर, मधे विणेकरी आणि पखवाजवाला. ज्ञानोबा तुकारामचा गजर संथ सुरू झाला की उजवं पाऊल पुढे, कमरेतून थोडं वाकायचं, डावं त्याला आणून जुळवायचं, आणि तसंच मागे यायचं. एवढंच. हळूहळू लय वाढते मग डावीउजवीकडे झुकणं, गिरकी, बसून उठणं, उड्या, प्रत्येक दिंडीची आपापली तऱ्हा असते त्यामुळे यूट्यूबवर बघून पाठ करून आलात तरी तिथं गेल्यावर गोंधळ होणारच. पहिले दोन दिवस रांगेच्या शेवटी उभं राहा, टाळ नसला तरी चालतो, नुसती टाळी द्या.

आणि स्वतःच्या पायाकडे बघू नका!! सगळे नवखे हीच चूक करतात (मी पण केली). मान खाली घालून एक दोन एक दोन मोजायचं आणि तेवढ्यात शेजारच्याच्या बोटांवर बूट. समोरच्या रांगेतल्या माणसाचं पाऊल बघायचं, कान पखवाजावर ठेवायचा, आपलं पाऊल आपोआप पडतं. दोन्ही पाय जुळतात त्या क्षणी आपण विठोबासारखे उभे असतो, समचरण, विटेवर उभा आहे तसे. कोणी असं शिकवत नाही बरं का, हे माझंच डोकं, पण एकदा सुचलं तेव्हापासून मला त्या जुळवण्याचा कंटाळा येत नाही.

तर मी ज्यांच्या बोटांवर बूट दिला ते सत्तरीचे आजोबा. मी सॉरी म्हणायच्या आत ते वाकून माझ्याच पाया पडले, "होतंय माऊली" म्हणाले आणि परत टाळ सुरू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर कळलं की तिथं असंच असतं, वय, जात, हुद्दा काही न बघता वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो. कीर्तन संपल्यावर, भेटल्यावर, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना सुद्धा. म्हणून नियम साधा ठेवा, समोरचा वाकायच्या आत आपण वाकायचं. "अहो असू द्या, माझ्या नको" म्हणत त्याला मधेच धरायचं नाही, तो तुमच्या नाही, तुमच्यातल्या माऊलीच्या पाया पडतोय. तुम्ही पण पडा, झालं.

रिंगणात चपला काढून उभं राहा. गोल रिंगणात दोन अश्व धावतात, एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा, त्या मोकळ्यावर माऊली बसलेली असते अशी श्रद्धा. अश्व गेले की लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, तेव्हा मोबाईल खिशात ठेवा, फार रेटारेटी होते. वेळापूरजवळ धावा असतो, तिथं तुकोबांना पंढरपूरच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी आठवण सांगतात, म्हणून सगळेच उतारावरून पळतात. गुडघे दुखत असतील तर कडेने चालत या, कोणी काही म्हणत नाही.

बुटांचं म्हणाल तर नवीन घेऊच नका, महिनाभर वापरलेले आणा, रात्री तळपायाला खोबरेल चोळा, फोड आला तर फोडू नका. मुक्कामाला वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे लोक भेटतात. लाज वाटते, पण पाय पुढे करा. दुसऱ्या दिवशी जमलं तर तुम्ही कोणाचे तरी चेपा.

पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास जातात, पुष्कळ जण कळस बघूनच परततात. तरी महाद्वारात नामदेव पायरीपर्यंत जाच. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी तिथं समाधी घेतली असं मानतात, आणि समोरच चोखोबांची समाधी आहे. त्या पायरीवर पाय द्यायचा नाही, डोकं टेकायचं. गर्दी असते, मागून ढकलतात, तेव्हा पिशवी आधीच सोबतच्या माणसाकडे देऊन ठेवा.