मृगाच्या आधी गाडी झाकताना

मागच्या दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, बॉनेटवर झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. आतून एकदाच 'टक्' झालं आणि गप्प. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. शेजारचे मिस्त्री चहाचा कप हातात घेऊनच आले, पुलीच्या नटाला पाना लावून जोर करून बघितला आणि म्हणाले, "काका, इंजिन जाम हाय. हार काढून ठेवा आता."

वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी. पावसाळ्यापुरती कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरामागं पत्र्याच्या शेडात उभी होती, एवढंच. यंदा रोहिणी नक्षत्र लागायच्या आतच काय काय करायचं ते लिहून काढतोय. ज्यांची गाडी चार महिने उभी राहणार आहे त्यांनीही वाचावं.

धुणं, पुसणं, टायरात हवा, हँडब्रेक न ओढता चाकाला दगड, बॅटरीची तार काढणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं चला.

ऑइल बदलायचं ते गाडी उभी करण्याआधी. सगळे उलटं करतात, "नुसतं पडूनच राहणार, आता नवीन कशाला ओतायचं?" जुन्या ऑइलात जळणातून उतरलेलं आम्ल आणि पाणी असतं, ते चार महिने बेअरिंग खात बसतं. नवीन घालून शिरोलीपर्यंत एक चक्कर मारून या, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं असल्यामुळं कोल्हापुरात त्याच्याविरुद्ध बोलायची सोय नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं. कार्बोरेटरचा बाऊल (पेट्रोल साठतं ती वाटी) रिकामा करा आणि टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेत दमट हवाच बसते. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, ताजं कूलंट.

मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचे दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलची तार काढा, भोकांवर फडकं टाका आणि दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. वाकून बघत बसू नका, शर्ट जातो. (म्हणजे बॅटरीची तार याच्यानंतर काढायची. वर आधी लिहून बसलो.)

आता मुख्य. सायलेन्सरच्या तोंडात बोळा.

मागच्या वर्षी मी बाकी सगळं केलं होतं. एअर क्लीनरला प्लास्टिकची पिशवी, वर दोन रबर बँड. सायलेन्सर गरम होता म्हणून म्हटलं बोळा उद्या घालू. तो उद्या काही उजाडला नाही. चार सिलिंडरचं इंजिन कुठंही थांबवा, चौघांपैकी एकाचा तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडायची झडप, उघडा राहतोच. पाळीपाळीनं काम चालतं, धूर सोडायची पाळी कुणाची तरी असतेच. म्हणजे सायलेन्सरच्या टोकापासून त्या सिलिंडरच्या पोटापर्यंत वाट मोकळी. माझं शेड पश्चिमेला उघडं, गाडी नाकानं आत घातलेली, पाईपचं तोंड थेट गगनबावड्याकडं, पाऊस येतो त्याच बाजूला. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड गंजायला लागतं, आणि इथं आषाढ-श्रावणात ती बहुतेक वेळ ऐंशीच्या पुढंच. बोळा.

त्यावर कळस केला बेंदराला. लोक बैलं सजवत होते, मला गाडीची दया आली. तार जोडली, पिशवी काढली, पाच मिनिटं चालू ठेवली, परत पिशवी बांधली. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. गाडी पळाली तर वाफ होऊन जातं, थंड सायलेन्सरमध्ये ते तिथंच साचतं. शिवाय सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑइल त्या पाच मिनिटांत जळून गेलं ते गेलंच. बोळा घातलेला असता तर हात आपोआप थांबला असता. दर रविवारी सुरू करणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचा: एकतर अर्धा तास रस्त्यावर पळवा, नाहीतर किल्लीला हात लावू नका.

बोळा कसा? जुनी सुती बनियन ऑइलात भिजवून पिळायची, पिशवीत गुंडाळायची, चार बोटं आत ढकलायची, लाल चिंधी बाहेर लोंबती ठेवायची. कागदाचा नको, ओल धरतो आणि उंदीर नेतात. सायलेन्सर गार झाला की त्याच संध्याकाळी. 'उद्या' हा शब्द वापरायचा नाही. बोळा घातल्याशिवाय कव्हर टाकू नका. मी कव्हर टाकलं आणि डोळ्याआड झालं.

तरीही जाम झालंच तर स्टार्टरनं झटके देऊ नका, दुसऱ्या गाडीनं ओढू तर अजिबात नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्लग काढून ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं सोडा (विडी लांब ठेवा), चार-पाच दिवस मुरू द्या, मग पुलीच्या नटावर लांब पाना लावून केसभर पुढं, केसभर मागं. माझं आठव्या दिवशी हललं. हेड उतरवलं तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये, रिंग टेकली होती तिथं, तांबड्या गंजाची बांगडी. पुसली तर खाली खड्डे, नख अडकत होतं. नख अडकत नसेल तर होनिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून हलकं घासण्यावर, भागतं. अडकलं की बोअरिंग, म्हणजे सिलिंडर कापून मोठं करणं, आणि त्याला बसेल असा ओव्हरसाइज पिस्टन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही कामं करणारे गल्लोगल्ली आहेत म्हणून निभावलं. बिलाचा आकडा घरी अजून सांगितलेला नाही.

सुटे गंजके भाग: बारीक पॉलिश पेपर आणि ऑइल, बस. पुराचं पाणी आत गेलं असेल तर किल्ली फिरवायचीच नाही, आधी प्लग काढायचे, २०१९ च्या पुरात कितीजणांचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेले दांडे) वाकले.

बाहेर काढताना: पिशवी सोडा, ऑइल बघा, प्लग न लावता ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर, मग प्लग. पहिली दहा मिनिटं निळा धूर येईल, शेजारी येतील, येऊ द्या. आणि त्याआधी बोळा काढा. लाल चिंधी त्यासाठीच आहे.