बधिर झालेला कॉर्निया भरतोय की नाही, ट्रीटमेंट चालू असताना कसं बघायचं

न्यूरोट्रॉफिक केरायटिसमध्ये, म्हणजे नस बिघडून कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) बधिर होतो त्या आजारात, 'दुखत नाहीये म्हणजे बरं चाललंय' हा हिशोब चालतच नाही. ट्रायजेमिनल नसेची (चेहऱ्याची संवेदना नेणारी नस) डोळ्याकडे जाणारी शाखा नागीण, हर्पिस, डायबेटीस किंवा डोक्याच्या ऑपरेशनमुळे बिघडली की कॉर्निया बधिर होतो, जखम असली तरी कळत नाही आणि ती भरतही नाही लवकर, कारण कॉर्नियाचा वरचा थर धड राहायला लागणारे पदार्थ पण त्याच नसा पुरवतात. म्हणून लक्ष मापांवर ठेवायचं.

मुख्य माप म्हणजे डाय टाकून दिसणारा डाग. डॉक्टर फ्लुरोसीन लावून निळ्या लाइटमध्ये बघतात, जिथे वरचा थर गेलाय तिथे हिरवं चमकतं. दर व्हिजिटला दोन आकडे विचारा, डागाची सगळ्यात जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी, मिलिमीटरमध्ये. 'थोडं बरं आहे' एवढ्यावर उठू नका, मागच्या वेळी 4 बाय 3 होतं आणि आज 3 बाय 2 आहे असं वहीत लिहिता आलं पाहिजे. स्लिट लॅम्पवरचा (डॉक्टर डोळा मोठा करून बघतात ते यंत्र) फोटो मिळाला तर उत्तमच. आणि डाग तेवढाच असला तरी खोली विचाराच, कारण वरून तसाच दिसणारा कॉर्निया आतून पातळ होत असू शकतो, शंका असेल तर डॉक्टर ओसीटी (प्रकाशाने होणारा डोळ्याचा स्कॅन) करून जाडी मोजतात. दोन आठवडे नीट ट्रीटमेंट घेऊनही आकडा हलत नसेल तर पुढे काय, हा प्रश्न तुम्हीच काढा: सीरम ड्रॉप्स (रक्तापासून बनवलेले), बँडेज लेन्स (जखम झाकणारी कॉन्टॅक्ट लेन्स), अम्निओटिक मेंब्रेन (गर्भाभोवतीच्या पातळ पडद्याचा तुकडा लावणं), पापण्या थोड्या शिवणं, बरेच मार्ग आहेत.

संवेदना कापसाच्या धाग्याने किंवा कोशे-बोने नावाच्या उपकरणातल्या नायलॉनच्या बारीक तारेने तपासतात, तार 60 मिमीपासून कमी करत जातात, जितकी आखूड करावी लागेल तितका बधिरपणा जास्त. ही टेस्ट बधिर करणारे ड्रॉप्स टाकायच्या आधीच व्हायला हवी, नाहीतर काही अर्थ नाही. घरी कापूस लावून बघायचा उद्योग अजिबात नको.

सेनेजर्मिन (नसांच्या वाढीला मदत करणारे ड्रॉप्स) चालू असेल तर 8 आठवडे, दिवसातून 6 वेळा, दर 2 तासांनी. चुकलेले डोस पण त्याच वहीत लिहा, नाहीतर औषध लागू पडलं नाही की घेतलंच गेलं नाही हे कळत नाही. या औषधाने डोळा दुखू शकतो, बऱ्याच जणांना होतं, पण 'नस जागी होतेय' असं स्वतःच ठरवून गप्प बसू नका, फोन करून विचारा.

घरी रोज एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी फोटो काढा आणि दुसरा डोळा झाकून तेच कॅलेंडर वाचून बघा. लाली वाढली, पांढरा ठिपका दिसला, पू आला, नजर अचानक धूसर झाली किंवा डोळ्यातून गरम पाण्यासारखं काही वाहिलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा. दुखत नसलं तरी.

डाग गेला की तपासण्या बंद करायचा मोह होतो, पण बधिरपणा राहिला असेल तर जखम परत उघडते, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स आणि तपासण्या डॉक्टर सांगतील तोवर चालूच ठेवायच्या.