गरोदरपणातली शुगर : "मी तर बारीक आहे, मला कशी होईल?" आणि अशाच बाकीच्या चुका टाळा

"अगं मी तर एवढी बारीक, मला कुठली शुगर" हे वाक्य इतक्या जणींकडून ऐकलंय की सुरुवात त्यानेच करते. आपल्याकडे वजनकाट्यावर आकडा कमी दिसतो पण पोटाभोवती चरबी आणि अंगात स्नायू कमी असं खूप असतं, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांमधे १९९३ पासून जो अभ्यास केला त्यात तर जन्मलेली बाळंच तशी निघाली, वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त. अशी लपलेली चरबी शुगरला आमंत्रण देते, म्हणून नुसतं वजन बघून निवांत राहू नका.

होतं काय, की वारेतून (प्लासेंटातून) जे हॉर्मोन येतात त्यांच्यामुळे इन्सुलिनचा, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हॉर्मोनचा, असर कमी पडतो, पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर तर जास्तच, मग स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन बनवावं लागतं आणि ज्यांच्या शरीरात आधीपासूनच गडबड आहे त्यांना ते झेपत नाही. आई-वडिलांना डायबेटीस, पीसीओडी (पाळीची, अंडाशयाची तक्रार), बीपी, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं, मागच्या खेपेला शुगर किंवा ४ किलोच्या वरचं बाळ, यातलं काहीही असेल तर पहिल्याच व्हिजिटला सांगा, जुने रिपोर्ट घेऊन जा. मानेवर काळपट जाडसर पट्टा असेल तर तोही दाखवा, मळ समजून घासत बसू नका प्लीज, तो बरेचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो.

टेस्टमधे तर फारच गोंधळ. फक्त उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली की झालं असं समजतात, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) वर भरवसा ठेवतात, पण गरोदरपणात रक्त बदलत असतं, त्यात हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे तो आकडा फसवू शकतो. सरकारी गाइडलाइनप्रमाणे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं (यासाठी उपाशी असायची गरज नाही) आणि २ तासांनी रक्त द्यायचं, १४० किंवा वर आलं तर शुगर आहे. पहिल्या तपासणीत नॉर्मल आलं तरी २४ ते २८ आठवड्यांत परत करायचीच, ही दुसरी टेस्ट खूप जणी टाळतात. ग्लुकोज पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर लॅबमधे सांगा, टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. आणि रिपोर्ट चांगला यावा म्हणून आधी दोन दिवस भात-पोळी बंद, असलं काही करू नका, त्यात नुकसान बाळाचंच.

खाण्याचं म्हणाल तर साखरेऐवजी गूळ-मध घेतला तरी शुगर वाढतेच. ज्यूस नको, फळ चावून खा. साबुदाण्याची खिचडी उपवासाची असली तरी जवळपास सगळा स्टार्चच. "दोघांचं खा" म्हणून सासूबाई प्रेमाने वाढतात, डॉक्टर डाएट समजावतील तेव्हा त्यांनाही सोबत न्या.

गोळी किंवा इन्सुलिन सांगितलं की घरातले घाबरतात, "आयुष्यभराचं लागलं" म्हणतात. तसं नसतं, बहुतेकींचं बाळंतपणानंतर बंद होतं, आणि इंजेक्शनचं इन्सुलिन बाळापर्यंत जवळपास पोचतच नाही.

आणि बाळंतपण झालं, शुगर गेली म्हणून सोडून देऊ नका, पुढे टाइप २ डायबेटीस व्हायची शक्यता बरीच असते. ६ आठवड्यांनी परत टेस्ट करायची असते, नेमकी तेव्हाच बाळाची दीड महिन्याची लस असते, तर त्याच फेरीत स्वतःचंही रक्त देऊन या.