झोपाळ्याची करकर आणि स्प्रेचा डबा

जेवणं आटोपतात, झोपाळ्यावर कुणीतरी बसतं आणि वरून करकर सुरू होते. मग स्टुलावर चढून आकड्यावर स्प्रे मारला जातो. आवाज बंद. चार-पाच दिवसांनी पुन्हा तीच करकर, आणि बोल मात्र डब्याला. बडोद्यात हा प्रकार घरोघरी चालतो.

डबा बिचारा त्याचं काम करून गेलेला असतो. डब्ल्यूडी-४० किंवा त्याच्या जातीचा कुठलाही स्प्रे घ्या, त्यात बराचसा भाग उडून जाणाऱ्या पातळ द्रावणाचा असतो, साधारण रंगात घालतात त्या टर्पेंटाइनच्या कुळातला. तेल त्यामानाने थोडं. द्रावण तेलाला फटीत घेऊन जातं, मळी आणि गंज सैल करतं आणि उडून जातं. मागे उरतो तेलाचा अगदी पातळ थर. नावातलं 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत हे मिश्रण गंज रोखण्यासाठी बनलं आणि सुरुवातीला ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्यासाठी वापरलं गेलं. म्हणजे मूळ काम पाणी आणि गंज दूर ठेवण्याचं. वंगण म्हणून ते हलक्या कामापुरतंच.

झोपाळ्यावर दोन-तीन माणसांचं वजन असतं आणि ते सगळं वरच्या आकड्यात कडी जिथे टेकते त्या बोटभर जागेवर येतं. पातळ तेल तिथून दाबानेच बाहेर सरकतं. तिथे जाड ग्रीस हवं. आधी पाट उतरवून कड्या सुट्या कराव्यात, कारण वजन असताना टेकलेल्या जागी काहीच पोचत नाही. खाली जुनी चादर पसरावी. आकड्यावर आणि कडीच्या आतल्या बाजूला स्प्रेचा एकेक छोटा फवारा मारून १० मिनिटं थांबावं. काळी मळी निघेल ती फडक्याने पुसावी, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग वाटाण्याएवढं ग्रीस बोटाने टेकणाऱ्या जागी चोळावं. पितळी कड्यांच्या मधल्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. जास्त घातलं तर ते ओघळतं आणि धरणाऱ्याच्या हाताला, साडीला लागतं. आकडा उघडा आहेच तर त्याची झीज बघून घ्यावी. खाच पडलेली नजरेला दिसत असेल तर ग्रीस लावून वेळ मारून नेऊ नये, आकडा बदलावा. बेअरिंगचे आकडे असतील तर आत स्प्रे अजिबात मारू नये, भरलेलं ग्रीस धुऊन निघतं.

दाराच्या बिजागरीचंही तंत्र हेच. खिळा निघणारा असेल तर खालून दुसऱ्या खिळ्याने ठोकून वर काढावा, स्प्रेने पुसून, ग्रीसचा हात फिरवून परत बसवावा. निघत नसेल तर मागे कागद धरून नळीने फटीत मारावं आणि दार वीसेक वेळा उघड-मीट करावं. कागद विसरलात तर भिंतीवर तेलाचा डाग कायमचा. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांतली सागवानी दारं श्रावणात अडकतात ती बिजागरीमुळे नव्हे, लाकूड फुगल्यामुळे. तिथे घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळावी. रंधा मारायची घाई पावसाळ्यात करू नये. दिवाळीनंतर लाकूड आकसतं आणि मग फट राहते.

जाम झालेला नट हे मात्र या डब्याचं हक्काचं काम. कूलरचा स्टँड, गच्चीवरची पाण्याची टाकी, फाटकाचा बोल्ट, कुठेही. तारेच्या ब्रशने वरचा गंज झाडायचा, स्प्रे मारायचा, १५-२० मिनिटं सोडायचं, मग हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके. ठोक्यांनी गंजाला तडे जातात आणि तेल आट्यांमध्ये उतरतं. पुन्हा एकदा मारायचं. पाना रिंगचा घ्यावा, उघड्या तोंडाचा नटाच्या कडा खातो. आणि सोडवण्याआधी नट केसभर आवळायचा प्रयत्न करावा. गंजाची पकड त्यानेच बऱ्याचदा सुटते. तरीही हलला नाही तर रात्रभर भिजू द्यावा. जोर काढून बोल्टच तुटला तर काम तिप्पट.

कुलपात स्प्रे मारला की पहिल्यांदा ते लोण्यासारखं फिरतं. पण राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि दोन-तीन महिन्यांत आत चिखल होतो. जाम कुलूप उघडण्यापुरता स्प्रे ठीक. नंतर किल्लीवर मऊ शिसपेन्सिल घासून ती दहा वेळा आत-बाहेर करावी. मात्र आतलं तेल वाळल्याशिवाय शिसं घालू नये, दोन्ही मिळून लगदा होतो.

वंगणापलीकडचे उपयोग द्रावणामुळे जमतात. नव्या स्टीलच्या डब्यावरचं लेबल काढल्यावर चिकटा राहतो, त्यावर एक फवारा, ५ मिनिटं, मग फडकं आणि शेवटी भांड्याचा साबण. गाडीच्या पत्र्यावरचे डांबराचे ठिपके तसेच निघतात. पोरांनी फरशीवर मारलेल्या मेणखडूच्या रेघाही. नळावरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र जात नाहीत, फक्त चमकून लपतात. तो चुना आहे, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर लागतं. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंगाची फिरकी अडकली तर तिथेही मेणबत्तीच चोळावी, नाहीतर दोरा तेलकट होतो.

विश्वामित्रीला पूर येतो तेव्हा डब्याचं मूळ काम उपयोगी पडतं. २०१९ आणि २०२४ मध्ये कितीतरी दुचाक्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर आधी साध्या पाण्याने चिखल धुवावा, पुसावं, मग साइड स्टँडचा सांधा, स्प्रिंगा, पायटा आणि हत्यारांवर स्प्रे मारून फडक्याने पसरावा. इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल तर स्टार्टर दाबू नये. ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर, ड्रमजवळ थेंबही जाता कामा नये, गाडी थांबणार नाही. भिजलेल्या स्विचबोर्डात स्प्रे मारणं म्हणजे आगीला निमंत्रण. मेन स्विच बंद ठेवून वायरमनला बोलवावं.

फवारा पेट घेतो. शेगडी चालू असताना किंवा देवघरात निरांजन तेवत असताना जवळपास वापरू नये, गॅसच्या रेग्युलेटरला आणि कुकरच्या शिट्टीला तर कधीच नाही. डबा ५० अंशांवर तापू द्यायचा नसतो; मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवला तर तेवढं तापमान सहज होतं. रबर त्याने फुगतं, काही पारदर्शक प्लास्टिकला तडे जातात. पंख्याचा आवाज बेअरिंगचा असतो, खालून फवारून जात नाही, उलट तेल वाइंडिंगवर जातं. आणि दुखऱ्या गुडघ्यावर हा स्प्रे चोळणारेही सापडतात: त्याने सांधा सुटत नाही, कातडी तेवढी कोरडी पडून चुरचुरते.